धूसर पार्श्वभूमीचे छायाचित्र : साधा कॅमेरा आणि अंतरांचे गणित

चेहरा किंवा फूल रेखीव आणि त्यामागचे सारे मऊ, धूसर झालेले, अशा छायाचित्राची ओढ नवा कॅमेरा हाती आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला असते; आणि पहिल्या काही प्रयत्नांत ते साधले नाही, की दोष कॅमेऱ्याच्या किमतीला दिला जातो. प्रत्यक्षात कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या भिंगातही, ज्याला बाजारात ‘किट लेन्स’ म्हणतात, हा परिणाम साधण्याइतकी क्षमता असते. ही धूसरता कॅमेऱ्यातील एखाद्या बटणाची करामत नसून, भिंगाच्या छिद्राचा व्यास आणि कॅमेरा, विषय व पार्श्वभूमी या तिघांमधील अंतरे यांच्या परस्परसंबंधातून ती निर्माण होते. हा संबंध नीट समजला, तर विषयाला कोठे बसवावे, आपण किती पुढे सरकावे आणि कॅमेऱ्यावर कोणता आकडा ठेवावा, हे अंदाजावर न सोडता आधीच ठरवता येते. प्रस्तुत लेखात हा संबंध प्रथम स्पष्ट केला असून त्यानंतर तो कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांसारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांवर प्रत्यक्ष कसा वापरावा, याचे मार्गदर्शन केले आहे.

धूसरता कशी निर्माण होते

भिंग एका वेळी एकाच अंतरावरील प्रतलाची नेमकी प्रतिमा संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, उमटवू शकते. त्या प्रतलावरील बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून पार होऊन पुन्हा एका बिंदूत एकवटतात. परंतु त्या प्रतलाच्या पुढे किंवा मागे असलेल्या बिंदूचे किरण संवेदकापाशी एकवटलेले नसतात, त्यामुळे तेथे बिंदूऐवजी एक लहानशी तबकडी उमटते. असंख्य बिंदूंच्या अशा तबकड्या एकमेकींवर पसरल्या, की कडा विरघळतात आणि त्यालाच आपण धूसरता म्हणतो. तबकडी फार लहान असेल, तर डोळ्यांना ती बिंदूसारखीच भासते. प्राथमिक डीएसएलआर कॅमेऱ्यांतील संवेदकासाठी ही मर्यादा साधारणपणे ०.०२ मिलिमीटर मानतात. ज्या अंतराच्या पट्ट्यात तबकड्या या मर्यादेच्या आत राहतात, तो पट्टा छायाचित्रात स्पष्ट दिसतो आणि त्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ असे म्हणतात.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे, कारण त्यांची गल्लत केल्यामुळे अनेकांचे प्रयत्न फसतात. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी होय; त्या पट्ट्याबाहेरची पार्श्वभूमी किती विरघळली, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. पट्टा पातळ असूनही मागची भिंत विषयाला चिकटून असेल, तर तिच्यावरचा पोपडा आणि खिळा ओळखू येतोच. उलट पट्टा बऱ्यापैकी जाड असूनही पार्श्वभूमी खूप दूर असेल, तर ती रंगाच्या मऊ डागांत मिसळून जाते. म्हणून केवळ पट्टा पातळ करण्याच्या मागे न लागता, पार्श्वभूमीतील तबकड्या मोठ्या कशा होतील, याकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते.

छिद्र, एफ-क्रमांक आणि खरा व्यास

भिंगाच्या आत पात्यांनी बनलेले एक छिद्र असते, ज्याला ‘ॲपर्चर’ म्हणतात. ते लहान-मोठे करता येते आणि त्याचे माप एफ-क्रमांकाने दाखवले जाते. भिंगाची फोकल लेंथ, म्हणजे शालेय विज्ञानात जिला नाभीय अंतर म्हणतात ती, या क्रमांकाने भागली असता छिद्राचा व्यास मिळतो. भाजक मोठा होईल तसा भागाकार लहान होतो, म्हणूनच एफ/८ पेक्षा एफ/४ चे छिद्र मोठे असते. ही उलटी रीत प्रारंभी गोंधळात टाकते, परंतु भागाकार ध्यानात ठेवला की ती आपोआप उलगडते.

याच भागाकारातून एक मोठा गैरसमजही दूर होतो. किट लेन्सच्या पुढच्या कडेवर बहुधा १:३.५-५.६ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की १८ मिमीवर सर्वांत मोठे छिद्र एफ/३.५ चे, तर ५५ मिमीवर ते एफ/५.६ चे मिळते. ‘एफ-क्रमांक जितका लहान तितकी धूसरता जास्त’ हा नियम ऐकलेली व्यक्ती साहजिकच १८ मिमीवर थांबते आणि निराश होते. हिशेब मात्र वेगळे सांगतो : १८ ला ३.५ ने भागले तर व्यास सुमारे ५ मिलिमीटर येतो, ५५ ला ५.६ ने भागले तर तो जवळजवळ १० मिलिमीटर येतो. म्हणजे क्रमांक मोठा दिसत असूनही ५५ मिमीवरचे छिद्र दुप्पट रुंद असते. स्वतंत्रपणे मिळणाऱ्या ५० मिमी एफ/१.८ भिंगात हा व्यास सुमारे २८ मिलिमीटर असतो आणि ५५-२५० मिमीच्या झूम भिंगात २५० मिमी व एफ/५.६ वर तो सुमारे ४५ मिलिमीटरपर्यंत जातो.

या व्यासाला इतके महत्त्व का द्यावे, हे एका साध्या नियमातून कळते. ज्या विषयावर फोकस केला आहे, त्याच्या अगदी शेजारी मोजपट्टी धरली आहे असे मानावे. तर पार्श्वभूमीतील अतिदूरच्या दिव्याची तबकडी छायाचित्रातील त्या मोजपट्टीवर जवळपास छिद्राच्या व्यासाएवढीच भरते. चेहऱ्याचे छायाचित्र १८ मिमीवर घेतले, तर दूरचा प्रत्येक बिंदू चेहऱ्याच्या मापाने जेमतेम ५ मिलिमीटरचा होतो आणि मागची झाडे, वाहने, माणसे सारी ओळखू येतात. तेच छायाचित्र ५० मिमी एफ/१.८ ने घेतले, तर तो बिंदू उघड्या डोळ्याच्या रुंदीएवढा पसरतो आणि मागचे तपशील एकमेकांत मिसळतात.

अंतरांचे प्रमाण

वरील नियम अतिदूरच्या पार्श्वभूमीचा झाला. जवळच्या पार्श्वभूमीला तो काही अंशानेच लागू पडतो आणि हा अंश काढणे अगदी सोपे आहे. विषयापासून पार्श्वभूमीपर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याला कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीपर्यंतच्या एकूण अंतराने भागावे. येणाऱ्या अपूर्णांकाने छिद्राचा व्यास गुणला, की तबकडीचे माप मिळते. कॅमेरा विषयापासून २ मीटरवर असून भिंत विषयाच्या मागे अर्धा मीटर असेल, तर हा अंश एक-पंचमांश येतो. भिंत २ मीटर मागे असेल तर निम्मा, आणि पार्श्वभूमी ६ मीटर मागे असेल तर तीन-चतुर्थांश. त्यापुढे १८ मीटरपर्यंत मागे गेले, तरी अंश नऊ-दशांशापर्यंतच वाढतो.

या आकड्यांमधून व्यवहारात वापरता येईल असा एक ठोकताळा निघतो : कॅमेरा विषयापासून जितक्या अंतरावर आहे, त्याच्या किमान तिप्पट अंतर विषय आणि पार्श्वभूमी यांच्यात असावे. त्याहून कमी अंतर ठेवल्यास भिंगाची क्षमता वाया जाते आणि त्याहून बरेच जास्त ठेवल्याने फारसा लाभ होत नाही. या प्रमाणाची ताकद तुलनेत स्पष्ट होते. किट लेन्स ५५ मिमीवर ठेवून, २ मीटरवर बसलेल्या व्यक्तीच्या ६ मीटर मागे झाडे असतील, तर तबकडी सुमारे ७ मिलिमीटरची होते. त्याच व्यक्तीला भिंतीपासून अर्ध्या मीटरवर बसवून ५० मिमी एफ/१.८ चे भिंग पूर्ण उघडे वापरले, तरी ती साडेपाच मिलिमीटरच्या आसपासच राहते. जागेची योग्य निवड केलेले किट लेन्स, जागा न पाहता वापरलेल्या अधिक सक्षम भिंगाहून सरस ठरते, हे येथे आकड्यांनीच सिद्ध होते.

किट लेन्सने व्यक्तिचित्र घेण्याची पद्धत

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे, समजा आजींचे, छायाचित्र घ्यायचे असेल, तर बहुतेक घरांत त्यांना दिवाणखान्यातील सोफ्यावर बसवले जाते, सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि भिंतीवर दिनदर्शिका, घड्याळ, देवाची तसबीर असे सारे काही असते. या मांडणीत कोणतेही भिंग फारशी धूसरता देऊ शकत नाही. त्याऐवजी आजींची खुर्ची उचलून गॅलरीच्या किंवा अंगणाकडे उघडणाऱ्या दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावी आणि कॅमेरा घेऊन स्वतः दाराबाहेर उभे राहावे. आता आजींच्या मागे भिंत राहत नाही, तर खोलीची संपूर्ण लांबी राहते. खोलीत बाहेरच्या मानाने कमी उजेड असल्याने ती पार्श्वभूमी गडद होते आणि दारातून येणारा मऊ प्रकाश समोरून चेहऱ्यावर पडतो. बाहेर उभे राहण्याजोगी जागा नसेल, तर मधल्या बोळात आजींना पुढच्या टोकाशी बसवून बोळाची लांबी मागे ठेवावी.

जागा ठरल्यावर भिंगाची झूम कडी ५५ या आकड्यावर न्यावी आणि चौकट भरण्यासाठी झूम मागे-पुढे न करता स्वतः पावलांनी पुढे-मागे व्हावे. ५५ मिमीवर सुमारे १ मीटर अंतरावरून, कॅमेरा उभा धरून, चेहरा आणि खांदे एवढी चौकट मिळते. २ मीटरवरून कमरेपर्यंतची चौकट येते. खांद्यांपर्यंतच्या चित्रासाठी कॅमेरा १ मीटरवर येत असल्याने वरील ठोकताळ्यानुसार मागे ३ मीटर मोकळे अंतरही पुरते, आणि एवढे अंतर अनेक घरांत सहज मिळू शकते. ५५ मिमीचा आणखी एक लाभ असा, की त्यात पार्श्वभूमीचा फारच थोडा भाग चौकटीत येतो. त्यामुळे एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकले, तरी मागचा पांढरा दरवाजा किंवा विजेची तार चौकटीबाहेर टाकता येते. याउलट १८ मिमीवर अगदी जवळ जाऊन चेहरा टिपला, तर नाक मोठे आणि कान लहान दिसून चेहऱ्याचे प्रमाण बिघडते.

कॅमेऱ्यावरील मांडणी

कॅमेऱ्यावरील फिरत्या तबकडीवर, म्हणजे मोड डायलवर, निकॉन आणि सोनीमध्ये ‘ए’ आणि कॅननमध्ये ‘एव्ही’ असे अक्षर असते. या स्थितीला ‘ॲपर्चर प्रायॉरिटी’ म्हणतात. यात छिद्राचा आकार वापरणारा ठरवतो आणि त्याला जुळेल असा शटरचा वेग कॅमेरा निवडतो. येथे एफ-क्रमांक त्या भिंगावर मिळणारा सर्वांत लहान ठेवावा. पूर्ण स्वयंचलित, म्हणजे हिरव्या ऑटो स्थितीत हा निर्णय कॅमेऱ्याकडे जातो आणि कमी उजेडात तो आपणहून फ्लॅशही उघडतो, म्हणून या कामासाठी ती स्थिती टाळावी. मोड डायलचा सराव होईपर्यंत ‘पोर्ट्रेट’ स्थिती वापरण्यास हरकत नाही, कारण तीही मोठे छिद्र निवडण्याकडे झुकते. परंतु तिच्यावर कायम विसंबून राहिल्यास कारण आणि परिणाम यांचा संबंध हाताला कळत नाही.

डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहताना एक सावधगिरी आवश्यक आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे दृश्य भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असतानाचे असते, मग कॅमेऱ्यावर एफ/११ निवडलेले असो वा एफ/५.६; निवडलेल्या आकाराइतके छिद्र प्रत्यक्ष छायाचित्र घेण्याच्या क्षणीच आवळले जाते. त्यामुळे डोळ्यांना मऊ वाटलेली पार्श्वभूमी छायाचित्रात खरखरीत स्पष्ट उमटू शकते. पहिले छायाचित्र घेतल्यावर ते पडद्यावर मोठे करून पाहणे आणि मगच पुढची घेणे, हाच यावरील खात्रीचा उपाय होय.

फोकस डोळ्यावरच

पार्श्वभूमी कितीही सुंदर विरघळली, तरी डोळा रेखीव नसेल तर छायाचित्र फसलेलेच वाटते, कारण पाहणाऱ्याची नजर सर्वप्रथम डोळ्याकडे जाते. कॅमेऱ्याने फोकससाठी स्वतः बिंदू निवडला, तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो आणि ती वस्तू नाकाचा शेंडा, पदराची कड किंवा हातातला कप असू शकते. म्हणून ऑटोफोकसमध्ये एकच बिंदू वापरण्याचा पर्याय निवडावा, स्थिर विषयासाठी कॅननमधील ‘वन शॉट’ किंवा निकॉनमधील ‘एएफ-एस’ ही पद्धत ठेवावी आणि तो बिंदू कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर आणावा. डोळा आपोआप ओळखणाऱ्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत ती सोय जरूर वापरावी.

पट्टा किती पातळ असतो, याची कल्पना आकड्यांवरून येते. २ मीटर अंतरावर किट लेन्सने ५५ मिमी आणि एफ/५.६ वर सुमारे ३० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट मिळतो, म्हणजे संपूर्ण डोके त्यात सहज मावते. त्याच अंतरावर ५० मिमी एफ/१.८ चे भिंग पूर्ण उघडे ठेवले तर हा पट्टा ११-१२ सेंटिमीटरवर येतो, आणि १ मीटरवर तर तो ३ सेंटिमीटरहूनही कमी उरतो. अशा वेळी चेहरा किंचित तिरका असला, तरी एक डोळा रेखीव आणि दुसरा मऊ होतो. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून नंतर चौकट साधण्यासाठी कॅमेरा वळवण्याची सवय अनेकांना असते. १ मीटर अंतरावर कॅमेरा दहा अंश जरी वळवला, तरी स्पष्टतेचे प्रतल डोळ्याच्या सुमारे दीड सेंटिमीटर मागे सरकते, म्हणजे ते डोळ्याला जवळजवळ पट्ट्याबाहेरच टाकते. त्यामुळे पातळ पट्ट्यात काम करताना कॅमेरा न वळवता फोकसचा बिंदूच डोळ्यापर्यंत सरकवावा, आणि चेहरा व खांद्यांच्या चित्रासाठी एफ/१.८ ऐवजी एफ/२.८ ठेवावे. यात धूसरता थोडी घटते, परंतु स्वस्त भिंगांची रेखीवता तेथे वाढलेली असल्याने एकंदर चित्राचा लाभच होतो.

प्रकाश आणि शटरचा वेग

छिद्र मोठे केल्याने प्रकाशही अधिक येतो आणि या दोन परिणामांची सांगड घालावी लागते. भर दुपारच्या उन्हात आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, १०० असताना एफ/१.८ ठेवल्यास शटरचा वेग सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागापर्यंत न्यावा लागतो, तर प्राथमिक कॅमेऱ्यांत तो बहुधा चार हजाराव्या भागापाशी थांबतो. परिणामी छायाचित्र पांढरेफटक पडते. अशा उन्हात छिद्र एफ/२.८ पर्यंत आवळावे किंवा त्याहून चांगले म्हणजे विषयाला झाडाच्या अथवा इमारतीच्या एकसंध सावलीत घ्यावे, कारण दुपारचे ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडते आणि त्या कोणत्याही धूसर पार्श्वभूमीने झाकत नाहीत.

कमी उजेडात अडचण उलट असते. किट लेन्स ५५ मिमीवर असताना शटरचा वेग सेकंदाच्या ऐंशीव्या भागाहून कमी पडू देऊ नये, आणि २५० मिमीवर तो चारशेव्या भागाच्या आसपास असावा. अन्यथा हात हलल्याने विषयच पुसट होतो आणि ही पुसटता इष्ट धूसरतेपेक्षा अगदी निराळी असते. वेग कमी पडत असेल, तर आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत वाढवावा. भिंगातील स्थिरीकरणाची सोय हाताचा कंप सावरते, मात्र हलणाऱ्या मुलाला ती थांबवू शकत नाही, हे विसरू नये.

पार्श्वभूमीची निवड

धूसर झाली म्हणून कोणतीही पार्श्वभूमी चांगली होत नाही. पानांच्या फटींतून चमकणारे आकाश प्रत्येक फटीगणिक एक पांढरी तबकडी तयार करते आणि या तबकड्या चेहऱ्यापेक्षा जास्त लक्ष वेधतात. बारीक काटक्यांच्या कडा दुहेरी दिसतात. भडक लाल किंवा पिवळ्या रंगाचा फलक विरघळला तरी त्याचा रंग नजरेला ओढतोच. त्याउलट सावलीतील दाट झाडी, दूरची डोंगररांग, अंधारा दरवाजा किंवा एकाच रंगछटेची भिंत पुरेशा अंतरावर असेल, तर विषय तिच्यापुढे उठून दिसतो. धूसर भागाच्या या गुणवत्तेला छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात आणि ती भिंगाच्या रचनेइतकीच पार्श्वभूमीच्या निवडीवरही अवलंबून असते.

दिव्यांच्या तबकड्या मुद्दाम हव्या असतील, तर दिवाळीसारखा योग्य काळ नाही. पणती लावणाऱ्या मुलीला अंगणाच्या पुढच्या भागात बसवून, मागे आठ-दहा मीटरवरील आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा चौकटीत घेतल्या, फ्लॅश बंद ठेवला आणि पणतीच्या उजेडात डोळ्यावर फोकस केला, तर प्रत्येक दिवा एक स्वतंत्र तबकडी होऊन उमटतो. छिद्र पूर्ण उघडे असेल तर या तबकड्या चौकटीच्या मध्यभागी गोल दिसतात, कडांकडे किंचित लांबट होतात. छिद्र आवळले तर भिंगातील पात्यांच्या संख्येनुसार त्या बहुकोनी होऊ शकतात.

कॅमेऱ्याची उंचीही पार्श्वभूमी ठरवते, ही बाब सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. जमिनीवर बसलेल्या मुलाचे छायाचित्र उभ्याने घेतले, तर त्याच्यामागे हातभर अंतरावरची जमीन किंवा सतरंजी हीच पार्श्वभूमी होते. छायाचित्रकार मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली बसला, की तीच जागा घराच्या दुसऱ्या टोकाने किंवा क्षितिजाने घेतली जाते आणि अंतराचे प्रमाण एका क्षणात अनेक पटींनी सुधारते.

फुलांचे जवळून छायाचित्र

फुलांच्या बाबतीत अडचण धूसरतेच्या अभावाची नसून अतिरेकाची असते. १८-५५ मिमीची अनेक किट भिंगे संवेदकापासून २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करू शकतात. एवढ्या जवळून ५५ मिमी आणि एफ/५.६ वर स्पष्ट पट्टा जेमतेम अडीच मिलिमीटरचा राहतो. जास्वंदीच्या मधोमध बाहेर आलेला केसरदांडा त्याहून कितीतरी लांब असल्याने, समोरून फोकस केल्यास त्याचे टोक तेवढे रेखीव दिसते आणि पाकळ्या वाहून जातात. येथे छिद्र एफ/११ पर्यंत आवळावे, तेव्हा पट्टा सुमारे दुप्पट होतो. आणि फूल बाजूने टिपावे, म्हणजे दांडा संवेदकाला समांतर येऊन संपूर्ण स्पष्ट राहतो. एवढ्या जवळून एफ/११ वरही मागची कुंडी आणि कठडा पुरेसे विरघळतात.

कास पठारासारख्या ठिकाणी वेगळी शिस्त लागते. सातारा जिल्ह्यातील हे पठार २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक असून, पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेथे फुले बहरतात. सीतेची आसवे ही निळसर-जांभळी फुले जमिनीपासून फारशी उंच नसतात आणि उभ्याने टिपल्यास मागे केवळ चिखल व गवत येते. अशा वेळी पायवाटेवरच बसून कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणावा, ५५-२५० मिमीचे भिंग असल्यास ते लांबच्या टोकावर ठेवावे आणि वाटेच्या कडेचाच एखादा गुच्छ निवडावा. म्हणजे मागची फुलांची पट्टी रंगाच्या ओघात मिसळते. पुढची काही पानेही भिंगाजवळ आल्यास तीही धूसर होऊन चित्राला खोली देतात. चांगल्या कोनासाठी फुलांत पाऊल टाकण्याची गरज नसते आणि ते टाकूही नये.

लहान संवेदकाचे कॅमेरे

खिशात मावणाऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतील संवेदक अनेकदा सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर एवढाच असतो. त्यांची खरी फोकल लेंथ रुंद टोकाला ४-५ मिलिमीटर असल्याने छिद्राचा व्यास दीड मिलिमीटरच्या आसपास राहतो आणि व्यक्तिचित्रात धूसरता जवळजवळ मिळत नाही. मात्र मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यावर ६०० मिमी असे लिहिलेले असते, तेव्हा तो मोठ्या संवेदकाच्या तुलनेत दिलेला समतुल्य आकडा असून खरी फोकल लेंथ सुमारे १०५ मिमीच्या आसपास असते, एफ/५.६ वर तिचा व्यास १९ मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे किट लेन्सच्या जवळपास दुप्पट. म्हणून अशा कॅमेऱ्याच्या धारकांनी झूम पूर्ण लांबवून, विषयापासून दूर जाऊन, भक्कम आधार घेऊन छायाचित्र घ्यावे. मोबाइल फोनमधील पोर्ट्रेटची सोय धूसरता मुख्यतः गणनेने निर्माण करते आणि केसांच्या बटा किंवा चष्म्याच्या कडेपाशी ती बऱ्याचदा चुकते. भिंगाची धूसरता अंतरानुसार हळूहळू वाढत जाते आणि कडांना धक्का लावत नाही.

नवे भिंग घेताना

अधिक धूसरता हवी असेल, तर पहिली खरेदी ५० मिमी एफ/१.८ या भिंगाची करावी, कारण कॅनन आणि निकॉन या दोघांच्याही भिंगांत ते सर्वांत स्वस्त पर्यायांपैकी एक आहे. त्याला झूम नसतो, त्यामुळे चौकट पावलांनीच साधावी लागते. जुने भिंग घेणाऱ्यांनी एक तपशील पाहणे अत्यावश्यक आहे : निकॉनच्या डी३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांच्या आत ऑटोफोकसची मोटर नसते, म्हणून भिंगावर केवळ ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ असे नाव असेल तर ते हातानेच फोकस करावे लागते, तर ‘एएफ-एस’ नावाच्या भिंगात (येथे हे फोकसच्या पद्धतीचे नव्हे, भिंगाचे नाव आहे) स्वतःची मोटर असते.

धूसरता कोठे टाळावी

गड, मंदिर, बाजारपेठ किंवा एखाद्या कारागिराचे काम करण्याचे ठिकाण हेच ज्या छायाचित्राचे सार आहे, तेथे पार्श्वभूमी पुसून टाकल्यास छायाचित्राचा अर्धा अर्थ हरवतो. कुंभार त्याच्या चाकासह आणि मागे सुकत ठेवलेल्या मडक्यांसह दिसला पाहिजे. तेथे एफ/८ ठेवावे आणि पार्श्वभूमी नीटनेटकी करण्याचे कष्ट घ्यावेत. दोन ओळींतील गटचित्रातही पट्टा सर्वांना पुरेल इतका जाड हवा. ३ मीटरवरून किट लेन्स ५५ मिमी व एफ/५.६ वर सुमारे ६५ सेंटिमीटरचा पट्टा देते, तर ५० मिमी एफ/१.८ चे भिंग सुमारे २५ सेंटिमीटरच देते, म्हणून असे भिंग गटचित्रासाठी एफ/५.६ किंवा त्याहून आवळून वापरावे.

सराव

हे सारे हातात रुळण्यासाठी एका दुपारचा सराव पुरेसा ठरतो. घरातील एखाद्या व्यक्तीला, अथवा तितका वेळ कोणी बसत नसेल तर तांब्या किंवा बाहुली यांसारख्या स्थिर वस्तूला, अंगणात किंवा गच्चीवर सावलीत ठेवावे आणि भिंग ५५ मिमी व एफ/५.६ वर कायम राखावे. प्रथम विषय भिंतीला लगटून, मग भिंतीपासून २ मीटर पुढे, नंतर ६ मीटर पुढे आणून, कॅमेरा प्रत्येक वेळी विषयापासून तितक्याच अंतरावर ठेवून छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर विषय तेथेच ठेवून फक्त एफ-क्रमांक ५.६ पासून ८, ११ आणि १६ असा बदलत जावा. शेवटी १८ मिमीवर येऊन, चौकटीत विषय तितकाच मोठा राहील एवढे जवळ जाऊन एक छायाचित्र घ्यावे. ही छायाचित्रे संगणकावर शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, की यांपैकी कोणत्या बदलाने पार्श्वभूमी सर्वाधिक विरघळली, हे पाहणाऱ्याला आपोआप कळते; बहुतेक वेळा ते उत्तर भिंतीपासून पुढे सरकलेल्या विषयातच सापडते. नव्या भिंगावर पैसे खर्च करण्याचा विचार या सरावानंतर करावा, कारण तोपर्यंत आपल्याला खरोखर कशाची उणीव भासते आहे, मोठ्या छिद्राची की मोकळ्या अंतराची, याचे नेमके उत्तर छायाचित्रकाराजवळ तयार झालेले असते.